हात साथ देत नसतील तेव्हा व्हिडिओ गेमची मांडणी कशी करावी

नवे साधन घेण्याआधी, खेळणाऱ्या व्यक्तीच्या शरीराचा कोणता भाग न थकता आणि खात्रीने हलतो, हे तिच्याशीच बोलून ठरवावे. अंगठा, कोपर, पाऊल किंवा हनुवटी, काहीही चालेल. मग गेमच्या सेटिंग्जमध्ये बटणांची अदलाबदल करावी आणि बटण दाबून धरण्याऐवजी एकदाच दाबण्याचा पर्याय असल्यास तो निवडावा. पुष्कळदा एवढ्यावर भागते.

न भागल्यास मायक्रोसॉफ्टचा २०१८ साली आलेला एक्सबॉक्स अ‍ॅडाप्टिव्ह कंट्रोलर (हालचालींची मर्यादा असलेल्यांसाठी बनवलेले, गेम चालवण्याचे साधन) उपयोगी पडतो. त्यावर दोन मोठी बटणे असून, मागच्या बाजूच्या ३.५ मिलिमीटरच्या १९ जॅकमध्ये बाहेरचे स्विच किंवा पायाचे पेडल जोडता येते. स्विचची जागा ठरवताना मात्र घाई करू नये, कारण माझ्या मते सगळे यश त्या जागेवरच अवलंबून असते: तो वेल्क्रोने तात्पुरता चिकटवावा, अर्धा तास खेळून पाहावे, खांदा उचलला जातो का, मनगट वाकते का, याकडे लक्ष ठेवावे आणि तसे होत असल्यास स्विच बोटभर अलीकडे सरकवावा. एक्सबॉक्स या मायक्रोसॉफ्टच्या गेम कन्सोलवर दोन कंट्रोलर जोडून एकाच खेळाडूचा खेळ चालवण्याचीही सोय आहे. त्यामुळे अवघड जाणारी स्टिक (दिशा देणारी छोटी दांडी) सोबत्याकडे देता येते, पण ती द्यायची की नाही, हे खेळणाऱ्यानेच ठरवावे.