क्लानचा इतिहास पोरांना कसा शिकवायचा

अमळनेर, चोपडा, पारोळा साईडच्या अभ्यासिकांमधे पोरं जगाचा इतिहास घोकतात पण कु क्लक्स क्लान, म्हणजे अमेरिकेतली गोऱ्यांची दहशतवादी संघटना, आली की 'पांढरे झगेवाले' एवढं लिहून मोकळे होतात. असं नका शिकवू भो, पैसा कुठून आला आणि कुठे आटला ते विचारायला लावा.

सुरुवात ओळखीच्या सालापासून करा. 1873 ची जोतीरावांची गुलामगिरी, तिची अर्पणपत्रिका मोठ्याने वाचून घ्या, अमेरिकेत ज्यांनी गुलामांना सोडवलं त्यांनाच ते पुस्तक अर्पण केलंय. मग सांगा की तिकडे 1865 ला यादवी युद्ध संपलं आणि हरलेल्या दक्षिणेच्या माजी सैनिकांनी टेनेसीतल्या पुलास्की गावात लगेच क्लान काढली, रात्री घोड्यावरून जायचं, मत देणाऱ्या काळ्या लोकांना मारायचं, घरं जाळायची. 1871 ला राष्ट्राध्यक्ष ग्रँटच्या काळात क्लानविरोधी कायदा आला, साउथ कॅरोलिनात सैन्य लावून शेकडो जण उचलले, क्लान मोडली. पण 1877 ला तिकडच्या केंद्र सरकारने हात काढून घेतला, मग काळ्यांचं मत अडवायचं तेच काम मतदानावर कर लावून आणि वाचनाच्या परीक्षा घेऊन राजरोस सुरू झालं. हे पोरं विसरतात, दोनदा सांगा.

दुसरी क्लान मात्र सावकाश शिकवा. 1915 ला जॉर्जियात सिमन्स नावाच्या माणसाने परत काढली, पण वाढली ती 1920 नंतर, जाहिरातवाले ठेवल्यावर. फी 10 डॉलर, त्यातले 4 मेंबर आणणाऱ्याला, चेन मार्केटिंगच की. फळ्यावर हिशोब मांडा, 50 मेंबर आणले तर एजंटचे 200 डॉलर. म्हणून शत्रूपण वाढवले, काळ्यांसोबत ज्यू, कॅथलिक, बाहेरून आलेले सगळेच. 1925 ला इंडियानाचा पुढारी स्टीव्हन्सन एका तरुणीच्या खुनात दोषी ठरला, तिथून मेंबर गळाले, आणि 1944 ला इन्कम टॅक्सची 6 लाख 85 हजार डॉलरची थकबाकी निघाली तेव्हा दुकान बंद.

पुढे क्लानच्या नावाने परत टोळ्या उभ्या राहिल्या. त्यातल्यांनी 1963 ला बर्मिंगहॅममधल्या काळ्या लोकांच्या चर्चमधे ठेवलेला बॉम्ब, त्यात गेलेल्या 4 मुली, 1965 चा मतदान हक्काचा कायदा, हे एका तासात होतं. पण काळ्या लोकांनी रस्त्यावर उतरून तो कायदा मिळवला हे सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

शेवटी अलाबामातल्या मोबाईल नावाच्या शहरातली केस घ्या. 1981 ला क्लानवाल्यांनी मायकल डोनाल्ड नावाच्या 19 वर्षांच्या काळ्या पोराला मारून झाडाला टांगलं. त्याच्या आईने पूर्ण संघटनेवर दावा लावला, 1987 ला कोर्टाने 70 लाख डॉलर लावले, पैसे नव्हते म्हणून क्लानला आपली इमारत त्या माऊलीच्या नावे करावी लागली. यावर पोरांना अर्धा तास बोलू द्या, जातपंचायतीचे, गावातल्या बहिष्काराचे प्रश्न निघतील, निघू द्या, तेव्हा घड्याळ बघू नका.