स्पर्धक सेवा एकमेकींशी जोडताना या चुका टाळा

टेलिफोन एकट्याकडेच असेल तर त्याचा काहीच उपयोग नाही. तो जितक्या अधिक लोकांकडे असेल तितका प्रत्येकाच्या कामाचा ठरतो. अशा बाजारात नवी सेवा कितीही चांगली असली, तरी जुन्या सेवेवरच्या माणसांशी तिच्यावरून बोलता येत नसेल तर तिच्याकडे फारसे कोणी वळत नाही. असे असूनही जोडणीचा, म्हणजे एका सेवेवरून दुसऱ्या सेवेवरच्या माणसांशी बोलता येण्याचा, विचार बहुधा सर्वांत शेवटी होतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे मोठ्या सेवेची संमती गृहीत धरणे. १९९९ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या एमएसएन मेसेंजर या संदेशसेवेवरून एओएल या तेव्हाच्या मोठ्या इंटरनेट कंपनीच्या संदेशसेवेवरील वापरकर्त्यांनाही संदेश पाठवता येत होते. एओएलने ती वाट बंद केली, मायक्रोसॉफ्टने दुसरी शोधली, तीही अडवली गेली, आणि काही महिने हा पाठशिवणीचा खेळ चालल्यावर मायक्रोसॉफ्टने माघार घेतली. जोडणी झाली की मोठ्या सेवेचे मुख्य आकर्षण, म्हणजे तिच्यावरची माणसे, इतर सेवांनाही मिळते, त्यामुळे तिने नकार देणे स्वाभाविक असते. दिलेली संमतीही कायम टिकत नाही: गूगल टॉक या गूगलच्या संदेशसेवेने २००६ मध्ये एक्सएमपीपी या संदेश देवाणघेवाणीच्या खुल्या मानकावरून इतर सर्व्हरशी जोडणी सुरू केली, पण तिच्या जागी आलेल्या २०१३ च्या हँगआउट्समध्ये ती ठेवली नाही. म्हणून करारात मुदत, पूर्वसूचना आणि बदलाचे नियम लिहून घ्यावेत. तेही शक्य नसेल तर कायद्याचा आधार तपासावा. अमेरिकेत एटी अँड टी या सर्वांत मोठ्या टेलिफोन कंपनीने स्वतंत्र टेलिफोन कंपन्यांना लांब पल्ल्याची जोडणी देण्याचे मान्य केले ते १९१३ मध्ये, सरकारी दबावाखालीच.

माहिती सोबत नेता येणे म्हणजे जोडणी, हा समजही चुकीचा आहे. जुने संदेश नव्या सेवेत आले, तरी मागे राहिलेल्या मित्राला नवा संदेश जाईलच असे नाही.

संदेश पोहोचला म्हणजे काम झाले, असेही मानू नये. आयफोनवरून एसएमएसच्या संभाषणात कोणी एखाद्या वाक्यावर अंगठा उमटवला, की पलीकडच्या फोनवर तेच वाक्य अवतरणात घालून ‘आवडले’ अशा अर्थाचा वेगळा इंग्रजी संदेश येत असे, आणि गटात पाच जणांनी अंगठा दिला तर मूळ बोलणे त्याखाली बुडून जाई. म्हणून प्रतिसाद, छायाचित्रे, गट आणि खोडलेले संदेश यांची चाचणी दोन्ही दिशांनी स्वतंत्रपणे घ्यावी.

एन्क्रिप्शनकडे, म्हणजे संदेश इतरांना वाचता येऊ नये म्हणून तो सांकेतिक रूपात बंद करण्याकडे, मात्र पहिल्या दिवसापासून लक्ष हवे. दोन सेवांमध्ये भाषांतर करणारा सर्व्हर ठेवला आणि तो संदेश उलगडून पुन्हा बंद करत असेल, तर दोन्ही टोकांना कुलूप दिसूनही मधल्या सर्व्हरवर सर्व मजकूर उघडा असतो. ही अट संदेशसेवांच्या जोडणीसाठी युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स अ‍ॅक्टमध्ये स्पष्ट आहे: मोठी सेवा स्वतःच्या वापरकर्त्यांना जी सुरक्षा देते, तीच जोडणीतही टिकली पाहिजे.