हवा लवकर का संपते: आधी शिसं बघा, मग श्वास

स्कूबा डायव्हिंगला एकाच बोटीवरून, एकाच खोलीला, हवेचे सारखेच सिलिंडर घेऊन दोघे उतरतात. एकाच्या गेजचा (सिलिंडरमधला दाब दाखवणाऱ्या मापकाचा) काटा ५० बारवर (बार हे दाबाचं एकक) येतो तेव्हा दुसऱ्याकडे अजून १०० शिल्लक असतात. पहिल्याला बोटीवर हमखास सल्ला मिळतो, ‘श्वास कमी घे रे.’ हा सल्ला चुकीचा आहे आणि धोक्याचाही. हवा खाणाऱ्या बऱ्याचशा गोष्टी छातीत नसतात, कमरेला बांधलेल्या असतात: बुडायला मदत म्हणून घेतलेली शिशाची वजनं.

मालवण-तारकर्लीला प्रशिक्षकाने धरून नेलेल्या पहिल्या डाइव्हला हा हिशेब तोच सांभाळतो. खालचं सगळं ओपन वॉटर कोर्स, म्हणजे डायव्हिंगचा पहिला प्रमाणपत्र कोर्स, झालेल्यांसाठी आहे.

आधी मिनिटाला किती हवा घेता तो स्वतःचा दर काढा. संथ पाणी, बरोबर १० मीटर खोली. पाण्यात शिरल्याशिरल्या आकडा घेऊ नका, पाच मिनिटं जाऊ द्या. भरताना सिलिंडर तापतो. ५० अंशांना २०० बार दाखवणारा सिलिंडर २७ अंशांच्या पाण्यात १८५ च्या आसपास उतरतो, आणि ती हवा कोणी घेतलेली नसते. मग आकडा पाटीवर लिहा, नेहमीच्या चालीने १० मिनिटं पोहा, खोली बदलू देऊ नका, पुन्हा आकडा लिहा. समजा १६० चे १२० झाले. भाड्याने मिळणारा ॲल्युमिनियमचा सिलिंडर बहुतेक वेळा ११.१ लिटरचा असतो. ४० गुणिले ११.१ म्हणजे ४४४ लिटर, मिनिटाला ४४. १० मीटरवर दाब २ बार, म्हणून २ ने भागा. पृष्ठभागावरचा दर आला मिनिटाला २२ लिटर. नवख्यांचा दर साधारण २० ते २५ असतो, सरावलेल्यांचा १५ च्या आसपास. गेज पीएसआयचं (दाबाचं दुसरं एकक) असेल तर १४.५ ने भागून बार काढा.

खोलीचं गणित याच आकड्यावर चालतं. २०० बारपैकी ५० राखीव ठेवले तर हाताशी १५० गुणिले ११.१, म्हणजे १६६५ लिटर. १८ मीटरवर दाब २.८ बार, तेव्हा २२ चा डायव्हर मिनिटाला सुमारे ६२ लिटर घेतो आणि २७ मिनिटांत संपवतो. १५ चा दर असलेला तिथेच ३९ मिनिटं राहतो. ३० मीटरवर दाब ४ बार, पहिल्याला जेमतेम १९ मिनिटं. खाली जाण्या-येण्याचा वेळ आणि ५ मीटरवरचा तीन मिनिटांचा थांबा यातूनच द्यायचा असतो. जोडीने उतरताना गणित जास्त हवा घेणाऱ्याच्या आकड्यावर करा.

आता शिसं. नवखा बुडत नाही म्हणून पहिल्या दिवशी त्याच्या पट्ट्यात दोन-तीन वजनं जास्तीची सरकवली जातात, आणि पुढे तोच आकडा ‘माझं वजन’ म्हणून चालत राहतो. समजा ४ किलो जास्त आहे. ते पेलायला बीसीडीत (तरंगणं कमी-जास्त करायच्या, हवा भरता येणाऱ्या जाकिटात) ४ लिटर हवा भरावी लागते. ती हवा विशेष नाही. खरी किंमत पुढे मोजावी लागते. हवेचा फुगा खांद्यांशी, शिसं कमरेला, त्यामुळे डोकं वर आणि पाय खाली असं शरीर तिरकं होतं. पाय मारले की ढकल अर्धी पुढे, अर्धी वर. वर जातोय असं वाटून डायव्हर हवा सोडतो, मग बुडतो, मग पुन्हा भरतो. तिरकं शरीर पाणीही जास्त कापतं. मांड्या भरून येतात, धाप लागते, काटा धावतो.

तपासायची वेळ डाइव्हच्या शेवटची: ५ मीटर खोली, काटा ५० वर, हाताशी दोरी. बीसीडी पूर्ण रिकामी करा, हात-पाय थांबवा, सामान्य श्वास घ्या. जागच्या जागी राहिलात तर वजन बरोबर. बुडायला लागलात तर पुढच्या डाइव्हला १ किलो कमी करा, पुन्हा तपासा. भरलेल्या सिलिंडरने पृष्ठभागावर तपासायचं असेल तर रिकाम्या बीसीडीवर, सामान्य श्वास धरून, पाणी डोळ्यांच्या पातळीला यायला हवं. त्यावर सुमारे २ किलो वाढवा, कारण १५० बार हवेचं वजन साधारण तेवढं असतं.

वेगाचा फटका लोक कमी धरतात. वेग दुप्पट केला की पाण्याचा अडथळा चौपट होतो. प्रवाहाविरुद्ध जायचंच असेल तर तळाजवळून जा, तिथे जोर कमी असतो, आणि निघतानाच प्रवाहाविरुद्ध निघा म्हणजे परतताना तो मदतीला येतो. हातांनी पाणी मारणं बंद. हात पोटाशी बांधा; दोन डाइव्ह विचित्र वाटेल, मग सवय होते.

श्वासाकडे आता या. श्वासनलिकेत सुमारे १५० मिलिलिटर जुनी हवा अडकून राहते. अर्ध्या लिटरचा उथळ श्वास घेतला तर फुफ्फुसांत ताजी हवा पोहोचते ३५०, एक लिटरचा घेतला तर ८५०. म्हणून लांब श्वास: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, घसा मोकळा. श्वास रोखून हवा वाचवणं कटाक्षाने टाळा. वर जाताना रोखलेला श्वास फुफ्फुस फाडू शकतो, आणि खाली असताना साठलेला कार्बन डायऑक्साइड आधी डोकेदुखी देतो, मग अशी धाप की वाचवलेलं सगळं दोन मिनिटांत जातं.

थंडीचाही वाटा असतो. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढतं, कुडकुडणारा डायव्हर हवा जास्त घेतो. दिवसाच्या दुसऱ्या-तिसऱ्या डाइव्हला पातळ सूट पुरत नाही.

शेवटी उपकरणं. उडी मारण्याआधी गेजकडे बघत रेग्युलेटरमधून (ज्यातून तोंडाने हवा घेतो त्या उपकरणातून) चार खोल श्वास घ्या. प्रत्येक श्वासाला काटा खाली पडून परत येत असेल तर सिलिंडरची झडप पूर्ण उघडलेली नाही. वर ठीक वाटेल, २० मीटरवर श्वास ओढावा लागेल. पाण्यात शिरल्यावर ३ मीटरवर एकमेकांभोवती फिरून बुडबुडे शोधा: झडपेचा ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी), बीसीडी फुगवायच्या बटणाची जोडणी, लोंबणारा दुसरा रेग्युलेटर. झडपेपाशी बुडबुडे दिसले तर वर या आणि ओ-रिंग बदलून घ्या.