नागपुरात इंजिनिअरिंग करायचंय? कर्जासाठी बँकेत जायच्या आधी हे करा

फीचं बहुतेक गणित कॅप राउंडच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीच्या फॉर्मवरच ठरतं. मॅनेजमेंट कोट्यातल्या सीटला महाडीबीटीची (राज्य सरकारचं शिष्यवृत्ती पोर्टल) फी सवलत मिळत नाही, त्यामुळे "सीट पक्की करून देतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागलात तर डोनेशन जातंच, वर चार वर्षांची सवलतही जाते.

घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएस (ट्यूशन फी माफीच्या राखीव सीट) आधी बघा. प्रवर्ग कोणताही चालतो, ट्यूशन फी पूर्ण माफ. डेव्हलपमेंट आणि इतर फी मात्र भरावी लागते. चूक होते ती इथे: अर्जात टिक केलं म्हणजे झालं असं मुलं समजतात. ऑप्शन फॉर्ममध्ये, म्हणजे कॉलेज-ब्रँचचा पसंतीक्रम भरतो तिथे, त्या सीटचा कोड वेगळा असतो, शेवटी 'टी' असलेला. एकाच कॉलेजची एकच ब्रँच असली तरी 'टी'वाला कोड वर आणि साधा त्याच्या खाली टाका. उलट टाकलंत तर साधी सीट लागते आणि 'टी'चा विचारच होत नाही. कटऑफ चढा असतो, म्हणून नुसत्या 'टी'वरही राहू नका.

ते हुकलं तर राजर्षी शाहू योजना: खुल्या प्रवर्गातल्या मुलांना निम्मी ट्यूशन फी माफ, कुटुंबातल्या दोनच अपत्यांना. ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना २०२४-२५ पासून १०० टक्के माफ. व्हीएनआयटीचं (नागपूरची एनआयटी) वेगळं, तिथे प्रवेश जोसामार्फत, म्हणजे आयआयटी-एनआयटींच्या देशपातळीवरच्या प्रवेश प्रक्रियेतून. तिथे उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर ट्यूशन फी पूर्ण माफ, ५ लाखांपर्यंत दोन तृतीयांश.

बाहेरगावचा अनुसूचित जातीचा विद्यार्थी, सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही आणि उत्पन्न अडीच लाखांच्या आत, तर स्वाधार योजनेत नागपूरसाठी वर्षाला ६०,००० रुपये आहेत.

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मे महिन्यातच काढून ठेवा. जून-जुलैत सेतूवर पाय ठेवायला जागा नसते. सवलतीचे पैसे अडकायचं नेहमीचं कारण म्हणजे आधार सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे जमा होण्यासाठी खातं आधारला जोडणं. खात्याचं केवायसी झालं म्हणजे सीडिंग झालं असं नाही. आधारच्या साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' उघडा. तिथे दिसेल त्याच बँकेतल्या जोडलेल्या खात्यात पैसे येणार, मग ते आठवीत काढलेलं बंद पडलेलं खातं का असेना. आणि महाडीबीटीचा अर्ज दरवर्षी रिन्यू करायचा, आपोआप होत नाही.

एवढं करून जी तूट उरेल तेवढंच कर्ज. दरवर्षी १ लाख, १० टक्के दर धरा: कोर्स आणि पुढचं एक वर्ष संपेपर्यंत ४ लाखांवर १ लाख ४० हजार नुसतं साधं व्याज चढतं. पहिल्या वर्षी महिन्याला साधारण ८३० रुपये, दुसऱ्या वर्षी दुप्पट, असं व्याज भरत गेलात तर मुद्दल ४ लाखांवरच राहतं. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं, पण कॉलेज नॅकचं किंवा कोर्स एनबीएचा (दोन्ही दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त हवा. ते अनुदान अर्ज करतानाच मागा.