ख्रिस्ती आणि मुस्लिम शेजाऱ्यांनी एकमेकांना जेवायला बोलावताना

अमेरिकन मिशनचे रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले आणि शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग सुरू झाले. दोन्ही समाजांची ओळख इतकी जुनी असूनही एकमेकांच्या घरी जेवणाचा बेत ठरवताना आजही संकोच वाटतो, आणि तो बहुधा श्रद्धेपेक्षा तारीख आणि पातेले यांमुळे असतो.

तारीख आधी पाहावी. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, तर ख्रिस्ती लोकांचा लेंट हा ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ ईस्टरच्या तारखेवरून ठरतो. २०२६ मध्ये लेंट १८ फेब्रुवारीला सुरू झाला आणि पहिला रोजा दुसऱ्याच दिवशी होता. अशा वर्षी आमंत्रण सूर्यास्ताचेच द्यावे. शुक्रवारची दुपार जुम्म्याच्या नमाजेची असते. गुड फ्रायडे हा ख्रिस्ताच्या मृत्यूच्या स्मरणाचा दिवस असल्याने त्या दिवशी शुभेच्छांचे संदेश पाठवू नयेत, हेही अनेकांना सांगावे लागते.

खरी काळजी स्वयंपाकघरात घ्यावी लागते. कोल्हापुरी पाहुणचारात तांबडा आणि पांढरा दोन्ही रस्से मटणाच्या अळणीवर, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्यावर, होत असल्याने नुसता रस्सा घेणाऱ्या मुस्लिम पाहुण्यालाही मटण हलाल आहे का, हा प्रश्न पडतोच. म्हणून ख्रिस्ती यजमानाने ते हलाल मटणाच्या दुकानातूनच आणावे आणि पाहुण्याने विचारण्याआधी सांगून टाकावे. घरच्या भांड्यांत डुकराचे मांस शिजत असेल, तर वेगळी भांडी वापरावीत. नाताळच्या केकमधील सुकामेवा रममध्ये भिजवला असेल, तर तो केक शेजारी पाठवू नये. संत्र्याच्या रसात भिजवलेला, माझ्या मते, चवीला उणा नसतो. लेंटमध्ये मांसाहार सोडण्याची रीत घरोघरी वेगळी असते, त्यामुळे मुस्लिम यजमानाने आधी विचारून घ्यावे.

रोजा सोडायचा असल्यास खजूर आणि पाणी अजानेपूर्वीच मांडावे आणि मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या, नमाजेसाठी स्वच्छ चादर व पश्चिमेकडे तसबीर नसलेली जागा द्यावी. ख्रिस्ती कुटुंबाने जेवणापूर्वीची प्रार्थना नेहमीप्रमाणेच करावी. मात्र पाहुण्यांनी त्यात सामील व्हावे, अशी अपेक्षा ठेवू नये.

गप्पांत येशूचा विषय निघतोच. कुराणाचा १९ वा अध्याय मरियमच्या नावाचा आहे आणि ईसांचा कुमारी मातेपोटी झालेला जन्म मुसलमान मानतात. परंतु त्यांचे देवपुत्रत्व आणि क्रूसावरील मृत्यू, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेचा गाभाच, ते मानत नाहीत. ‘शेवटी सगळे एकच’ असे म्हणून हा भेद झाकणे दोघांनाही खटकते. मुलांनी याविषयी विचारलेच, तर ज्याच्या श्रद्धेचा प्रश्न असेल त्यालाच उत्तर देऊ द्यावे.