काँग गाव पाहायचं तर पाण्याच्या मागे चाला

भारतातून आमच्याकडे कुणी आलं की मी त्यांना आयर्लंडमधल्या गॉलवेहून मेयो परगण्यातल्या काँगला नेते. गाव एवढंसं, घाई केली तर अर्ध्या तासात संपतं. म्हणून माझा क्रम सांगते.

निघण्याआधी नकाशा बघा. उत्तरेला लॉक मास्क, दक्षिणेला लॉक कॉरिब, अशी दोन मोठी तळी आहेत. मधल्या चिंचोळ्या पट्टीत काँग; आयरिश नावाचा अर्थही चिंचोळी जागा असाच. मास्कचं पाणी चुनखडीच्या पोटातून, जमिनीखालून येतं आणि गावाजवळ उसळून वर निघतं. एवढं लक्षात ठेवा.

पहिल्यांदा मठाचे अवशेष. आयर्लंडचा शेवटचा राजाधिराज रोरी ओ'कॉनर अखेरची वर्षं इथे राहिला आणि ११९८ साली इथेच वारला. त्याच्या वडिलांनी ११२३ मध्ये घडवून घेतलेला क्रूस आता डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. जमलं तर तो आधी बघून या. मठामागे नदीवर मठवासीयांची मासे धरायची दगडी खोली आहे. आत जाऊन जमिनीतलं भोक बघा, खाली पाणी वाहतं. जाळ्यात मासा आला की स्वयंपाकघरातली घंटा वाजायची, असं गावात सांगतात.

मग कोरडा कालवा, आणि इथे वेळ काढा. पायात बूट हवेत, शेवाळ फार. मोठ्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम म्हणून १८४८ मध्ये दोन्ही तळी जोडायला तो खोदायला घेतला. १८५४ मध्ये काम सोडून दिलं, कारण चुनखडीत पाणी ठरेना. पाणकोठ्यांच्या (बोटी वर-खाली करायला पाणी अडवायच्या कप्प्यांच्या) घडीव दगडी भिंती मात्र अजून उभ्या आहेत. माझे सासरे पाटबंधारे खात्यातले, १९७२ च्या दुष्काळात लहानपणी आईबरोबर खडी फोडायला गेलेले. ते त्या भिंतीवर हात ठेवून बराच वेळ गप्प उभे होते. नंतर एवढंच म्हणाले, "चिरे बघ कसे बसवलेत. उपाशी माणसांनी."

शेवटी गाडीने लॉक मास्कच्या काठी जा. १८८० मध्ये इथल्या जमीनदाराचा कारभारी होता कॅप्टन बॉयकॉट. कुळांनी खंड कमी करून मागितला, तो मिळाला नाही, उलट घरं रिकामी करायच्या नोटिसा आल्या. मग गड्यांनी काम सोडलं, दुकानदारांनी माल देणं थांबवलं. त्याचं पीक काढायला उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातून ५० माणसं आली आणि त्यांच्या राखणीला सुमारे हजार शिपाई! 'बॉयकॉट' हा शब्द जगाला इथून मिळाला. टिळकांच्या चतुःसूत्रीतल्या 'बहिष्कारा'ला इंग्रजीत हाच शब्द लागतो, हे मी पाहुण्यांना त्या काठावर उभं राहूनच सांगते, आधी गाडीत नाही.