ब्रॉडबँडच्या लाईनवर डायल-अप मोडेम लागत नाही? मोडेम फेकायच्या आधी हे करून बघा

वेंगुर्ल्याजवळ आमचं काजूचं छोटं युनिट आहे. तिथे तांब्याची एकच टेलिफोन लाईन आणि सगळं तिच्यावरच, फोन पण, ब्रॉडबँड पण आणि ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरला लावलेला ५६ के चा डायल-अप मोडेम पण, कारण दोन-तीन जुनी गिऱ्हाईकं अजून फॅक्सच मागतात. मोडेम डायल करायला गेला की कधी 'नो डायल टोन', कधी किर्रर्र करून कट, आणि कधी फॅक्स जातो पण तेवढ्यात ब्रॉडबँड पडतं. ह्यातलं सगळं मी भोगलंय म्हणून सांगतो, दहापैकी नऊ वेळा मोडेम चांगलाच असतो.

आधी स्प्लिटर बघा, म्हणजे एकाच लाईनवरचा फोन आणि ब्रॉडबँड वेगळं करणारी डबी. त्या छोट्या डबीवर तीन भोकं असतात, लाईन, फोन आणि मोडेम, आणि माणूस सरळ डायल-अप मोडेमची वायर 'मोडेम' लिहिलंय तिथे खुपसतो. तिथेच चुकतं! तिथला मोडेम म्हणजे ब्रॉडबँडचा मोडेम. डायल-अपचा मोडेम हा लाईनच्या दृष्टीने फोनच आहे, तो बोलण्याच्याच पट्ट्यात काम करतो, साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ, आणि ब्रॉडबँड त्याच्या खूप वर, २५ किलोहर्ट्झच्या पुढे ११०० किलोहर्ट्झपर्यंत (ब्रॉडबँडचा जास्त वेगाचा प्रकार, एडीएसएल टू प्लस, असेल तर २२०० पर्यंत). स्प्लिटरच्या फोनच्या भोकात वरचा सगळा आवाज गाळून येतो, मोडेमच्या भोकात बऱ्याच डब्यांमध्ये लाईन तशीच्या तशी येते. म्हणून तर फसायला होतं, तिथे लावलं तरी डायल टोन ऐकू येते, नंबर पण लागतो, आणि मग समोरच्याशी जुळवून घेताना मेलं सगळं. तर डायल-अपची वायर फोनच्या भोकात. त्या मोडेमच्या मागे पण दोन भोकं असतात, लाईनमध्ये स्प्लिटरकडून आलेली वायर आणि फोनमध्ये टेबलावरचा फोन, हे उलटं झालं तरी अडकतं.

आता पॅरलल फोन, म्हणजे त्याच लाईनवर जोडलेला दुसरा फोन. आमच्या गोडाऊनमध्ये एक पॅरलल होता, तो स्प्लिटरच्या आधीच रोझेटवरून (बाहेरची तार जिथे येते ती भिंतीवरची डबी) काढलेला, ब्रॉडबँडचा आवाज अडवणारा फिल्टर काही नाही. तो एक फोन अख्खी लाईन खराब करत होता. एकतर सगळे पॅरलल स्प्लिटरच्या फोनच्या बाजूने काढा नाहीतर प्रत्येकाला वेगळा फिल्टर लावा, पण एकामागे एक दोन फिल्टर नकोत, त्याने आवाज दबतो आणि मोडेमचा स्पीड पडतो.

एवढं करून पण होत नसेल तर कान लावा. साधा फोन उचलायचा, एक आकडा दाबायचा म्हणजे डायल टोन जाते, आणि शांतपणे ऐकायचं. एकसारखी सूऽऽ अशी असेल तर ब्रॉडबँड गळतंय, स्प्लिटर बदला. कडकड, चरचर असेल तर जोड कुजलाय. आणि लाईटच्या खांबाखाली येते तशी गुणगुण असेल तर एक तार कुठेतरी ओलीला लागून जमिनीत उतरतेय, ते बाहेरचं काम, लाईनमनलाच सांगा.

आपल्याकडे खरा शत्रू हा जोडच. खारी हवा आणि चार महिने पाऊस. आमच्याकडे रोझेटचं झाकण काढलं तर स्क्रूवर हिरवा-पांढरा थर, तार हात लावला तर तुटली, आतून काळी. लाईनमनकाका बघून म्हणाले, "मशीन बरा आसा, वायर कुजली हा." त्याची एक खूण लक्षात ठेवा. फोन उचलला की नेट नीट चालतं आणि ठेवला की पडतं, किंवा बरोबर उलटं होतं, तर जोडच. फोन ठेवलेला असताना लाईनमध्ये करंट जवळजवळ वाहतच नाही, उचलला की काही मिलिॲम्पिअर वाहायला लागतो आणि तेवढ्याने गंजलेला जोड कधी धरतो, कधी सोडतो. डायल-अप मोडेम पण फोन उचलतो तसाच लाईन उचलतो, म्हणून तो डायल करायला आणि ब्रॉडबँड पडायला एकच गाठ पडते आणि शिव्या मोडेमला बसतात.

उपाय एकच, तार मागे कापत जा, चकचकीत लालसर तांबं दिसेपर्यंत, आणि नवीन स्क्रूखाली किंवा जेली भरलेल्या कनेक्टरमध्ये जोडा. नुसतं पिळून वर टेप गुंडाळला तर पुढच्या पावसाळ्यात परत तेच. हात कोरडे ठेवा, फोन ठेवलेला असताना ४८ व्होल्टच्या आसपास असतात पण मध्येच रिंग आली तर ७५ च्या वर जातात, चांगला झटका बसतो.

लाईन स्वच्छ असून पण 'नो डायल टोन' येत असेल तर मोडेमच्या सेटिंगमध्ये डायल टोनची वाट बघायची टिक काढून बघा, एक्सचेंजची टोन तुटक असली तर मोडेमला ती ओळखता येत नाही. फॅक्ससाठी स्पीड १४४०० वरून ९६०० करा, आमचे अर्धे प्रॉब्लेम तेवढ्यानेच गेले. पोर्ट स्पीड ११५२०० दिसतो त्याच्याशी खेळू नका, तो कॉम्प्युटर आणि मोडेममधला आहे, लाईनचा नाही.

आणि टिक काढल्यावर मोडेम डायल करतोय असं दाखवतो पण स्पीकरमधून काहीच आवाज नाही, आणि त्याच वायरवर साधा फोन मस्त चालतोय, तर मोडेमचा लाईनकडचा भाग जळलाय. हे मे महिन्यातल्या वळवात किंवा परतीच्या पावसात होतं. ढग गडगडायला लागायच्या आधीच लाईटचा प्लग आणि फोनची वायर दोन्ही काढायची, आम्ही फक्त प्लग काढायचो आणि वीज टेलिफोनच्या तारेने आत आली, एका संध्याकाळी मोडेम आणि ब्रॉडबँडचा डबा दोन्ही गेले. आता रोझेटच्या शेजारी भिंतीवर खिळा मारलाय, आकाश काळं झालं की जो कोण ऑफिसात असेल तो वायर काढून त्या खिळ्याला लटकवतो.